कमेंट कोणी रन करत नाही

आमच्या कोडमध्ये एका फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ होती. होती इंग्रजीत, पण अर्थ असा: बोलावणाऱ्याने इनोडचं लॉक आधीच घेतलेलं असतं, इथे पुन्हा घेऊ नका. साधी, स्वच्छ ओळ. स्पेलिंगची एकही चूक नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवला आणि माझे अकरा दिवस आणि एका ग्राहकाच्या काही फाइली त्यात गेल्या.

थोडं मागून सांगतो. मी पुण्यात एका स्टोरेज कंपनीत आहे. आमची टीम फाइल सिस्टीम लिहिते. हे घरी समजावून सांगताना मला सातबारा मदतीला येतो, कारण आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून जवळ. तिथे सर्व्हर कोणाला माहीत नसला तरी सातबारा शेंबड्या पोरालाही माहीत असतो.

तुम्ही मोबाइलवर फोटो काढता तेव्हा तो चिपवर सलग एका जागी बसतोच असं नाही. जिथे रिकामी जागा मिळेल तिथे त्याचे तुकडे जातात. कुठला तुकडा कुठे आहे, फाइल केवढी आहे, मालक कोण, शेवटचा बदल कधी झाला, ही सगळी माहिती एका छोट्या नोंदीत असते. त्या नोंदीला इनोड म्हणतात. गंमत म्हणजे फाइलचं नाव त्यात नसतं, ते फोल्डरच्या यादीत असतं. तर इनोड म्हणजे फाइलचा सातबारा. जमीन जागेवर असते, पण उतारा चुकला की ती तुमची राहत नाही. फोटोचंही तसंच.

आता दोघांनी एकाच वेळी एकाच उताऱ्यावर खाडाखोड केली तर काय होईल? ते होऊ नये म्हणून लॉक असतं. ज्याच्या हातात लॉक, त्यानेच लिहायचं. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं.

आणि कमेंट म्हणजे कोडच्या मधे माणसांनी माणसांसाठी लिहिलेला मजकूर. कंपायलर तो वाचत नाही, सुरुवातीलाच फेकून देतो. त्यामुळे कोड चुकला की कधी ना कधी काहीतरी बोंबलतं. प्रोग्रॅम पडतो, टेस्ट लाल होते, कोणाचा तरी फोन येतो. कमेंट चुकली तर काहीच होत नाही. ती चुकीच्या अवस्थेत वर्षानुवर्षं शांतपणे तिथे बसून राहते, कोणीतरी येऊन तिच्यावर विश्वास ठेवेपर्यंत.

*

मला त्या फंक्शनमध्ये फाइलचा आकार बदलणाऱ्या चार ओळी वाढवायच्या होत्या. कमेंट म्हणत होती की लॉक घेतलेलं आहे, म्हणून मी लॉकचा विचारच केला नाही. रिव्ह्यू करणाऱ्या सीनियरनेही वरची कमेंट वाचली आणि मान डोलावली. सगळ्या टेस्ट हिरव्या. बदल ग्राहकांपर्यंत पोचला.

दीड महिन्याने तक्रार आली. एका ग्राहकाकडे काही लॉग फाइलींच्या शेवटी मजकुराऐवजी नुसती शून्यं होती. रोज नाही आणि प्रत्येक फाइलमध्येही नाही. सिस्टीमवर ताण वाढला आणि दोन थ्रेड नेमक्या एका क्षणी एका फाइलपाशी आले, की एक म्हणायचा फाइल इथे संपते, दुसरा म्हणायचा तिथे. ज्याने शेवटी लिहिलं त्याचं खरं.

असे बग शोधणं म्हणजे बिबट्या शोधणं. ठसे दिसतात, कोंबड्या कमी होतात, पण तुम्ही बॅटरी घेऊन गेलात की तो नसतो. आम्ही तपासासाठी जास्तीच्या ओळी छापायला लावल्या, तर त्या छापण्यात जो वेळ जायचा त्यानेच दोन थ्रेडची गाठ चुकायची आणि बग गायब व्हायचा. दहा दिवस मी माझ्या चार ओळींकडे बघत होतो. त्या बरोबर होत्या. म्हणजे वरची कमेंट खरी असती तर बरोबर होत्या.

अकराव्या दिवशी मी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. या फंक्शनला कोण बोलावतं ते उघडून पाहिलं. ते दुसऱ्या फाइलमध्ये होतं. तिथे लॉक घेतलेलं होतं, पण आमच्या फंक्शनला बोलावण्याच्या दोन ओळी आधी सोडूनही दिलेलं होतं.

गिटमध्ये ब्लेम नावाची कमांड असते. कुठली ओळ कोणी आणि कधी लिहिली ते ती दाखवते. मी ती जरा रागातच चालवली.

नाव माझंच होतं. दीड वर्षापूर्वीचा कमिट. नोकरीला लागून तेव्हा आठ महिने झाले असतील. लॉक लवकर सोडलं की वेग वाढतो, म्हणून मी ते वर सरकवलं होतं. तेव्हा ते चूकही नव्हतं, कारण खालचं फंक्शन त्या वेळी फक्त वाचत होतं, काही लिहीत नव्हतं. मी ते नीट तपासलंही होतं. वेग किती वाढला तेही कमिट मेसेजमध्ये कौतुकाने लिहिलं होतं. फक्त खालच्या फंक्शनच्या डोक्यावरची ती एक ओळ माझ्या बदलामुळे खोटी झाली, हे माझ्या लक्षात आलं नाही. ती फाइल माझ्या स्क्रीनवर उघडी नव्हती.

म्हणजे जे वाक्य मी खोटं करून ठेवलं होतं, तेच वाक्य मी दीड वर्षाने खरं मानून वाचलं.

*

चुकीच्या कमेंट्सना आपण आळस म्हणून मोकळे होतो. माझ्या बाबतीत आळस नव्हता, अंतर होतं. कमेंट एका फाइलमध्ये राहत होती आणि बोलत होती दुसऱ्या फाइलबद्दल. शेजाऱ्याच्या घरात काय शिजलंय ते आपल्या दारावर लिहून ठेवल्यासारखं. शेजाऱ्याने भाजी बदलली तर तो तुमच्या दारावरची पाटी बदलायला येणार आहे का?

त्या प्रकरणानंतर मी जगात इतरांचं काय होतं ते बघायला लागलो. आमच्या धंद्यात जग म्हणजे लिनक्स, कारण तो कोड सगळ्यांना उघडा आहे. तिथे फाइल सिस्टीम लिहिणाऱ्यांसाठी एक दस्तऐवज आहे. कुठल्या फंक्शनला बोलावताना कुठलं लॉक हातात असलं पाहिजे, याचे त्यात तक्ते आहेत. त्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय की हे अद्ययावत आहे, आणि त्यात कंसात भर घातलीय, ‘असं मानलं जातं’ या अर्थाची. पुढे विनवणी आहे: नियम बदललात तर कृपा करून ही फाइलही बदला, ते काम दुसऱ्यांवर ढकलू नका. तो कंस वाचून मला फार बरं वाटलं. जगातले सगळ्यात कसलेले लोकही स्वतःच्या नोंदीबद्दल छातीठोकपणे बोलत नाहीत.

आणि ते योग्यच आहे. लिनक्समध्ये प्रत्येक इनोडला जे लॉक असतं, त्याचं नाव आधी आय-म्युटेक्स होतं. २०१६ मध्ये त्या जागी आय-आरडब्ल्यूसेम आलं. जुन्या लॉकमध्ये एका वेळी एकच जण आत जायचा. नव्यात नुसतं वाचणारे अनेक जण एकत्र जाऊ शकतात. कोडमध्ये हा बदल झाला, कारण जुनं नाव राहिलं असतं तर कंपायलरने दारातच अडवलं असतं. कमेंट्सना अडवणारं कोणी नव्हतं. २०२१ मध्ये यान कारा हे कर्नल डेव्हलपर मेमरीच्या कोडमधल्या कमेंट्समध्ये उरलेली आय-म्युटेक्सची नावं पुसत होते. पाच वर्षं त्या कमेंट्स नसलेल्या लॉकचा पत्ता सांगत होत्या.

यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये ‘आयकमेंट’ नावाचं साधन बनवलं. त्यांनी लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाची या चार प्रकल्पांमधल्या कमेंट्स मशीनला वाचायला लावल्या आणि कोडशी ताडून पाहिल्या. साठ ठिकाणी दोन्हींचं जमत नव्हतं. त्यातल्या ३३ ठिकाणी कोडमध्ये बग निघाला आणि २७ ठिकाणी कमेंट खोटी निघाली. मला हे आकडे महत्त्वाचे वाटतात. कोड आणि कमेंट यांची तोंडं दोन दिशांना असतात तेव्हा कोण चुकलंय हे बाहेरून कळत नाही. जवळजवळ नाणेफेकच.

मग करायचं काय? मला सापडलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली: जी कमेंट कोडमध्ये बदलता येते, ती बदलून टाकायची. लिनक्समध्ये २००६ पासून लॉकडेप नावाची यंत्रणा आहे. ती चालवून तपासणी करताना कोण कुठलं लॉक घेतंय यावर लक्ष ठेवते. ‘लॉक घेतलेलं असतं’ असं लिहिण्याऐवजी तुम्ही तिला एका ओळीत सांगता, ‘लॉक आहे का बघ, नसेल तर ओरड.’ आता ती ओळ रन होते. खोटी झाली की गप्प बसत नाही. आम्ही आमच्या फंक्शनवरची ती सुंदर कमेंट पुसून टाकली आणि तिच्या जागी अशीच एक ओळ घातली. दीड वर्षापूर्वी ती असती, तर माझा तो वेगवान कमिट पहिल्याच टेस्टमध्ये आपटला असता.

दुसरी गोष्ट जास्त आवडली. काही गोष्टी कोडमध्ये सांगताच येत नाहीत. आपण हे असं का केलं, आणि किती दिवसांसाठी केलं. एक्स्ट४ ही फाइल सिस्टीम बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही असते. कदाचित तुमच्या हातातल्या फोनमध्येही असेल. फाइलची वेळ पूर्वी ३२ बिटांत ठेवायचे आणि ती मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते. एक्स्ट४ मध्ये दोन जास्तीचे बिट देऊन ती २४४६ पर्यंत नेली. पण जुन्या कर्नलमध्ये एक चूक राहिली होती. १९७० च्या आधीच्या तारखा डिस्कवर अशा लिहिल्या जायच्या की हिशेबाने त्या चोविसाव्या शतकात जायच्या. ४.४ या आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली. तेव्हा दुरुस्त करणाऱ्याने कमेंटमध्ये अख्खा तक्ताच मांडला: कुठल्या बिटांचा अर्थ कुठली वर्षं, १९०१ पासून २४४६ पर्यंत. आणि आधीच चुकीच्या लिहिल्या गेलेल्या तारखांसाठी जी तात्पुरती सोय ठेवली, तिची मुदतही सांगून टाकली: ४.२० येईपर्यंत.

४.२० आलं डिसेंबर २०१८ मध्ये. ती सोय प्रत्यक्षात काढली गेली २०१९ च्या अखेरीला. एक्स्ट४ सांभाळणारे टेड त्सो यांनी काढताना कारणही लिहिलं: डिस्क दुरुस्त करणारं साधन लोकांच्या हातात येऊन तीन वर्षं झाली, आता पुरे. मुदत थोडी हुकली, पण मुदत लिहिलेली होती म्हणून कोणीतरी परत येऊन पाहिलं. बाकी ‘तात्पुरतं’ असं लिहिलेल्या गोष्टी आपल्याकडे किती टिकतात ते तुम्हाला माहीत आहे.

*

त्या पावसाळ्यात टीमची ट्रिप निघाली आणि सगळे माझ्याच तालुक्यात आले. नाणेघाटात. धुकं, मॅगी, उलटा धबधबा, रांजणाशेजारी फोटो. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची गुहा आहे. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिथल्या यज्ञांच्या दक्षिणांमध्ये भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी काही सापडतात. शाळेच्या सहलीत हे मी दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा माझं लक्ष डब्याकडे होतं.

या वेळी मी मागची भिंत पाहिली. तिथे एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, राजकुमार. आज मूर्ती नाहीत. खाली पायांचे थोडे अवशेष आणि वर नावं. एक सहकारी म्हणाला, “अरे, कोड डिलीट झाला आणि कमेंट्स राहिल्या.” सगळे हसले, मीही हसलो.

पण परतीच्या वाटेवर मला वाटलं की ते उदाहरण नीट बसत नाही. नाणेघाटातली नावं कोणाला फसवत नाहीत. खाली मूर्ती नाही हे आंधळ्यालाही कळेल. आमची गोष्ट वाईट होती. आमच्याकडे नावाखाली मूर्ती होती, फक्त ती दुसऱ्याची होती.

याचं खरं उदाहरण शेजारच्या तालुक्यात आहे. आंबेगाव तालुका, पण कचेरी घोडेगावला. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. आमच्या लोकांना ते माहीत आहे, त्यामुळे आम्ही चुकत नाही. पण चुलत बहिणीच्या लग्नाला निघालेल्या माझ्या रूममेटने ‘आंबेगाव’ एवढंच टाकलं आणि तो मॅपच्या आज्ञेने कात्रजजवळच्या आंबेगावात जाऊन उभा राहिला. मॅपने त्याला ‘सापडत नाही’ असं सांगितलं असतं, तर त्याने मला फोन केला असता. काहीतरी सापडलं, म्हणूनच तो चुकला.

*

एवढं सगळं शिकल्यावर टीममध्ये मला कमेंटवाला म्हणायला लागले. कोणाच्याही रिव्ह्यूमध्ये मी विचारायचो, “तू बदललंस ते ठीक, पण याबद्दल अजून कुठे काय लिहिलंय ते शोधलंस का?” नव्या मुलांपुढे मी यावर एक छोटं भाषणही दिलं. त्याच आठवड्यात अप्पांचा फोन आला.

“अरे, ते शेतात फोटो काढायचं राह्यलंय.”

“शनिवारी येतो अप्पा, तेव्हा करू.”

आमची एक एकर जम्बो द्राक्षाची बाग होती. डाऊनीने आणि औषधांच्या खर्चाने अप्पा कंटाळले आणि त्यांनी ती गेल्या उन्हाळ्यात काढून टाकली. जूनमध्ये तिथे टोमॅटो लावले. तुम्हाला माहीत असेल, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे. आधी पिकाची नोंद तलाठी करायचे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, ॲपमध्ये फोटो काढून करायची. अप्पांच्या फोनवर ते ॲप मीच टाकलं होतं. द्राक्षाची नोंदही मीच केली होती, आणि ते बघून अप्पांनी शेजारच्यांना सांगितलं होतं की पोरगं कंप्युटरला आहे.

त्या शनिवारी रिलीज होतं. पुढच्या शनिवारी पाऊस. अप्पांनी आणखी एकदा आठवण केली आणि मग केली नाही. मुदत संपली.

सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस पाऊस कोसळला. टोमॅटो तारेवर बांधलेल्या अवस्थेतच सडले. क्रेट भरायला मजूर सांगितले होते, त्यांना परत पाठवावं लागलं. पंचनाम्याला भाऊसाहेब आले. सभ्य माणूस. त्यांनी शेत बघितलं, फोटो काढले, मग नोंद बघितली. या हंगामाचा रकाना कोरा. मागची शेवटची नोंद द्राक्ष.

“मला समोर टोमॅटो दिसतायत हो,” ते अप्पांना म्हणाले, “पण वरती गेल्यावर कागदच बघतात.”

शेजारच्या तिघांची भरपाई आली. आमची फाइल त्रुटी म्हणून परत आली. आता अर्ज, जबाब, पुन्हा अर्ज असं चाललंय. रक्कम काही आयुष्य बदलणारी नाही. पण त्यातून औषधांच्या दुकानाची उधारी फिटली असती, आणि अप्पा दिवाळीच्या आधी त्या दुकानासमोरून जायचं टाळत होते ते मी पाहिलं.

मी त्यांना म्हटलं, “माझं चुकलं.” ते म्हणाले, “पावसाने गेलं ते. तू काय पाऊस पाडलास का?” आणि गोठ्याकडे गेले. त्यांनी रागावायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

रात्री पडल्या पडल्या मी हिशेब केला. कोडमधली चूक मी न कळून केली होती. ती कमेंट माझ्यासमोर नव्हती. इथे मला सगळं माहीत होतं. बाग कधी काढली, टोमॅटो कधी लावले, नोंद कुठे करायची, मुदत कधीची. ज्या दिवशी तुम्ही एखादी गोष्ट बदलता, त्या दिवशी जुनं काय होतं आणि नवं काय आहे हे दोन्ही फक्त तुम्हाला माहीत असतं. ते काम तेव्हा दोन मिनिटांचं असतं. दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्या कोणाचं तरी अकरा दिवसांचं काम होतं. हे मी नव्या मुलांना स्लाइडवर दाखवलं होतं.

रब्बीला त्याच तुकड्यात कांदा लावला. मी सोमवारची सुट्टी टाकून घरी गेलो. फोनला रेंज येईना म्हणून बांधावरून विहिरीपर्यंत दोन चकरा मारल्या. शेवटी गट नंबर आला, पीक निवडलं, क्षेत्र टाकलं. अप्पा मागे हात बांधून उभे होते.

“झालं?”

“झालं.”

त्यांनी फोन हातात घेतला आणि हात लांब करून स्क्रीनवरचा कांदा पाहिला. मग समोरचा कांदा पाहिला. मग पुन्हा स्क्रीनवरचा.

“जमतंय,” म्हणाले, आणि पाणी धरायला गेले.